हात बसत नाही, की फ्रेट बसलेला नाही?

परीक्षा संपली की घरात गिटार येते. कुणाला वाढदिवसाला मिळते, कुणी सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून ऑनलाइन मागवतं. पहिला महिना जोरात जातो. दुसऱ्या महिन्यात बोटांना घट्टे पडतात. तिसऱ्या महिन्यात एफ कॉर्ड आडवा येतो आणि चौथ्या महिन्यात गिटार कपाटावर जाते. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, ‘आपल्याला नाही जमत राव, हातच बसत नाही.’

आमचा आक्षेप या उत्तरावर आहे. सराव कमी पडला असेल तर ते मान्य करायला हरकत नाही. पण स्वस्तातल्या गिटारीवर शिकणाऱ्या मुलामुलींचा हात बसत नाही, तेव्हा बऱ्याचदा त्या गिटारीचा फ्रेटच नीट बसलेला नसतो. दोष वाद्याचा असतो आणि शिक्षा वाजवणारा स्वतःला करून घेतो. ‘मला सुराचा कान नाही’, ‘माझी बोटंच जाड आहेत’, ‘गाणंबिणं आपल्या घरात कुणाला आलंय?’ अशी लेबलं सतराव्या वर्षी स्वतःला चिकटवली की लवकर निघत नाहीत. म्हणून आजचा विषय एवढाच : स्वतःला नापास करण्याआधी गिटार तपासा.

फ्रेट बसतो कसा?

गिटारीच्या नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. सतारीवर ज्यांना आपण पडदे म्हणतो, त्यांचेच हे भाऊबंद. साध्या अकूस्टिक गिटारीवर ते साधारण २० असतात. तार दाबली की ती बोटाच्या पुढच्या फ्रेटवर टेकते आणि तिथून ब्रिजपर्यंतचा भाग वाजतो. बोटाचं काम तार खाली नेण्याचं. सूर ठरतो तो फ्रेटवर.

फ्रेटची जागा गणिताने ठरते. उरलेल्या तारेच्या लांबीला १७.८१७ने भागायचं, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरली, तर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५वर. हे गणित जुनं आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली ल्यूट वाजवायचे. १५८१च्या आपल्या ग्रंथात त्यांनी १८ने भागायचा सोपा नियम दिला होता. आजचा आकडा त्याच्या अगदी शेजारचा आहे. कारखान्यात या खाचा यंत्राने पाडतात, त्यामुळे जागा सहसा चुकत नाही. चुकतं ते बसवणं.

फ्रेटचा आडवा छेद इंग्रजी ‘टी’सारखा असतो. वरचा गोलसर माथा आपल्याला दिसतो, खालचा पातळ पाय लाकडाच्या खाचेत जातो. या पायाला दोन्ही बाजूंनी बारीक दाते असतात. ते लाकडात रुततात आणि फ्रेट धरून ठेवतात. खाच जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास रुंद. ती थोडी जास्त रुंद झाली, तर दात्यांना पकड मिळत नाही आणि फ्रेट सैल राहतो. थोडी अरुंद झाली, तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा लाकूड फाकवतो. अशा वीस पाचरी एकापुढे एक बसल्या की आख्खी नेक मागे वाकते. खाच खोलीला कमी पडली, तर पाय तळाला टेकतो आणि माथा अधांतरी राहतो.

याशिवाय वाकाचा प्रश्न असतो. स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटारींचा फिंगरबोर्ड पूर्ण सपाट नसतो, मध्ये किंचित उंच आणि कडांना उतरता असतो. चांगला कारागीर फ्रेटची तार त्या उतारापेक्षा थोडी जास्तच वाकवून घेतो. आधी दोन्ही टोकं बसवतो, मग मधला भाग. त्यामुळे टोकं खाली दाबून राहतात. घाईच्या कामात कमी वाकवलेली तार मध्यावर हातोडी मारून बसवली जाते आणि टोकं स्प्रिंगसारखी वर येऊ पाहतात. दुकानात गिटार वाजवून बघताना हे कळत नाही. काही महिन्यांनी टोक उचललं की पहिल्या नाहीतर सहाव्या तारेचा आवाज फाटायला लागतो. तुम्हाला वाटतं, एवढे दिवस तर नीट वाजत होतं, आता आपलाच हात बिघडला.

आपलं ऊन, आपला पाऊस

कृष्णा-वारणेच्या मधल्या आपल्या पट्ट्यात एप्रिलमध्ये ओठ फुटतात आणि जुलैमध्ये कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते. गिटारही हेच ऋतू सोसते. लाकूड ओलावा घेतं तेव्हा आडवं फुगतं, वाळतं तेव्हा आडवं आकसतं. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. धातूचा फ्रेट तसाच राहतो. त्यामुळे कडक उन्हाळ्यात फिंगरबोर्ड रुंदीला कमी होतो आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर डोकावतात. नेकवरून हात फिरवला की करवतीवरून फिरवल्यासारखं टोचतं. वाळलेल्या खाचेत दात्यांची पकडही ढिली होते. पावसाळ्यात उलटं घडतं. गिटारीचं पोट फुगतं, ब्रिज वर येतो, तारा उंच होतात आणि बोटांना नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो.

स्वस्त गिटारीत लाकूड पुरेसं मुरलेलं नसेल, तर हे सगळं जास्त जाणवतं. चांगल्या गिटारीचा फिंगरबोर्ड बहुधा शिसवीचा किंवा एबनीचा असतो. ही लाकडं घट्ट असतात, फ्रेट धरून ठेवतात. त्यांच्याऐवजी मऊ लाकडाला काळा रंग देऊन बसवलेला फिंगरबोर्ड दिसायला तसाच दिसतो, पण पकड तशी देत नाही.

गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एसी आणि मशीन कुणाच्या घरी असेल-नसेल, पण काही गोष्टी फुकटात होतात. पत्र्याखालच्या खोलीत गिटार भिंतीला टांगू नका. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. कुलरच्या वाऱ्यासमोर तर नकोच. बॅगेत ठेवा. उन्हाळ्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज साबणाच्या डबीत घालून, डबीला भोकं पाडून बॅगेत ठेवला तरी फरक पडतो. टोकं टोचायला लागली की लगेच कानस घेऊन बसू नका. आधी आठवडाभर हा उपाय करा. लाकूड थोडं भरून आलं की टोकं बरीच आत जातात. मग जे उरेल ते घासायचं.

दहा मिनिटांची तपासणी

यासाठी महागडी अवजारं लागत नाहीत. गिटार सुरात लावा, वही घ्या आणि सुरुवात करा.

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा सावकाश वाजवा. कुठे खरखर होते ते लिहून ठेवा. समजा, पाचव्या फ्रेटवर दाबल्यावर आवाज फाटतो किंवा पाचव्याऐवजी सहाव्याचाच सूर येतो. तर दोषी पाचवा नाही. सहावा फ्रेट वर आलेला आहे आणि तार त्याच्यावर आपटते आहे. नियम लक्षात ठेवा : खरखर जिथे होते, त्याच्या पुढचा फ्रेट आधी बघायचा. फक्त मोकळी तारच खरखरत असेल, तर नटची खाच जास्त खोल गेली असण्याची शक्यता मोठी. आणि कुठेही दाबा, सगळीकडेच झणझण येत असेल, तर ट्यूनरचा एखादा सैल नटही कारण असू शकतो. प्रत्येक खरखरीचं बिल फ्रेटच्या नावावर फाडू नका.

आता मोबाइलचा टॉर्च फ्रेटच्या मागे धरा आणि समोरून बघा. माथ्याखालून उजेड दिसतो का? दोन्ही टोकांशी कागदाचा कोपरा सरकवून बघा. तो आत गेला, तर टोक उचललेलं आहे. टोकावर नखाने दाबा. फ्रेट हलला किंवा टिचकी मारल्यावर बाकीच्यांपेक्षा बद्द आवाज आला, तर तो सैल आहे.

मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. त्याची सरळ कड एका वेळी तीनच फ्रेटवर टेकेल अशी उभी धरा. नटजवळ लांब कड लागेल, ब्रिजकडे सरकाल तशी आखूड. कार्ड डुगडुगलं, तर मधला फ्रेट उंच आहे. गिटार दुरुस्त करणारे यासाठी स्टीलची खास पट्टी वापरतात, तत्त्व तेच.

शेवटी नेक बघा. सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो. त्यामुळे नेक अगदी किंचित पुढे वाकलेली असावी लागते. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तार आणि माथा यांच्यातली फट बघा. ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. नेमकं मोजायचं असेल, तर ओळखीच्या टू-व्हीलर गॅरेजमध्ये जा. टॅपेट सेट करायला मिस्त्री जो फीलर गेज वापरतात, तोच इथे चालतो. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर असेल, तर ठीक. चार मिलिमीटर असेल, तर एफ कॉर्ड वाजवताना रडू येणं स्वाभाविक आहे. त्यात तुमचा काही दोष नाही.

आधी बसवा, मग घासा

एखाद-दुसरा फ्रेट उचललेला असेल, तर काम छोटं आहे. खाचेतली घाण काढायची, दोन्ही बाजूंना टेप लावायची, पातळ सुपरग्लूचा थेंब खाचेत मुरू द्यायचा आणि फ्रेटवर लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्पने दाबून ठेवायचं. जाणत्या हाताला हे काम अवघड नाही. पहिल्यांदा करत असाल, तर स्वतःच्या एकुलत्या एक गिटारीवर प्रयोग नकोत. भंगारात निघालेली एखादी नेक मिळवा.

फ्रेट खाली-वर झालेले दिसले की काही जण थेट कानस चालवतात. उंच दिसतो तो घासून टाका, झालं! इथेच घोटाळा होतो. उंच दिसणारा फ्रेट मुळात बसलेलाच नसेल, तर आज घासून बरोबर केलेला माथा उद्या तो खाली बसला की बाकीच्यांपेक्षा बुटका होतो. मग खरखर त्याच फ्रेटवर यायला लागते. म्हणून क्रम पक्का : आधी सगळे फ्रेट बसवायचे, मग सरळ ठोकळ्याने एका पातळीत आणायचे, मग प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल करायचा आणि पॉलिश करायचं.

दुसरा एक उपाय फार ठिकाणी सर्रास केला जातो. खरखर आली की सॅडलखाली पट्टी सरकवून तारा उचलायच्या. खरखर गेली, गिऱ्हाईक खूश. पण फ्रेट तसाच राहिला आणि तारा मात्र उंच झाल्या. आता प्रत्येक कॉर्डला जास्त जोर लागणार, तार जास्त ताणली जाऊन सूरही चढा लागणार. दोन महिन्यांनी तुम्ही म्हणणार, हात बसत नाही. कपाटावरच्या कित्येक गिटारींची गोष्ट या पट्टीपासून सुरू होते.

इथे कुणी म्हणेल, तीन-चार हजारांच्या गिटारीवर एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. सगळे फ्रेट काढून नवे बसवायचे म्हटले, तर खर्च गिटारीच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो आणि तो करू नये, असंच आम्हीही सांगू. पण दोन फ्रेट बसवणं, टोकं घासणं आणि नेक जुळवणं ही वेगळी गोष्ट. तेवढ्याने तीच गिटार पुढची दोन-तीन वर्षं शिकण्यालायक होते. नवी गिटार घेतलीत आणि तीही तशीच निघाली, तर?

मिरज इथून लांब नाही

आता मुद्द्याची गोष्ट. गिटारीच्या दुरुस्तीचं नाव काढलं की आपण पुण्या-मुंबईकडे बघतो. पण ईश्वरपूरहून (पूर्वीच्या इस्लामपूरहून) आष्टा, सांगली करत एसटीने मिरजेला पोहोचा. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तानपुरे घडतात. ही कला रुजवणाऱ्यांत फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव आदराने घेतात. ही घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारी, त्यांना धार लावणारी. संस्थानी लढाया संपल्या, हत्यारांचं काम आटलं, तेव्हा मिरजेच्या पटवर्धन संस्थानात गाण्याला आश्रय होता. धातूवर चालणारे हात वाद्यांकडे वळले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा गवई मिरजेत राहिला. त्या सगळ्या वातावरणात ही गल्ली मोठी झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

सतारीचा पडदा आणि गिटारीचा फ्रेट यांत एक मोठा फरक आहे. सतारीचे १९ ते २१ पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की वादक पडदा सरकवतो, सूर जुळवतो. पूर्वीच्या ल्यूटचे फ्रेटही असेच आतड्याच्या तातीने बांधलेले असायचे. गिटारीचा फ्रेट लाकडात रुतलेला असतो, त्याला सरकण्याची सवलत नाही. म्हणून सतारीचा कारागीर उद्यापासून गिटारीचे फ्रेट बसवेल, असं कुणी समजू नये. काम वेगळं आहे, ते शिकावं लागेल.

पण पाया एकच आहे. पडदे पितळेचे नाहीतर जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. गिटारीचे फ्रेटही बहुतेक याच धातूचे. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी त्यात नसते. आणि जवारीचं काम आठवा. सतारीच्या घोडीचा माथा कानशीने इतका हलक्या हाताने घासायचा की तार त्याला हवी तेवढीच चाटून जाईल आणि आवाजाला ती ओळखीची झणझण येईल. गिटारीत आपण जिला खरखर म्हणून शिव्या घालतो, तीच तारेची घासण जवारीत मुद्दाम, मापात आणली जाते. ज्या कानाला ती आणता येते, त्या कानाला ती घालवणं का जमू नये?

मिरजेत आज काळजी वेगळी आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाइलवरचं अॅप आलं. मेहनत खूप, पैसा बेताचा, म्हणून घरातली पोरं या धंद्याकडे पाठ फिरवतात. एकीकडे कानस धरणारे हात काम शोधतात आणि इकडे चाळीस-पन्नास किलोमीटरवर गिटारी कपाटावर धूळ खातात. या दोघांची गाठ घालून द्यायला हवी. हत्याराकडून सतारीकडे एकदा वळलेली कला गिटारीकडेही वळू शकते.

मग करायचं काय?

विकणाऱ्यांना आमचं सांगणं आहे : गिटार गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी वीसही फ्रेट एकदा वाजवून बघा. टायर विकणारा हवा भरून देतो, सायकल विकणारा ब्रेक तपासून देतो. मग गिटारच का तशीच खोक्यातून द्यायची? क्लास घेणाऱ्या सर-मॅडमनी पहिल्या दिवशी मुलाच्या हाताआधी त्याची गिटार बघावी. अर्धा तास जाईल, पण पुढचे सहा महिने वाचतील.

कॉलेजांनाही यात करण्यासारखं आहे. राजारामनगरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना आणि आयटीआयच्या फिटरना अर्ध्या मिलिमीटरची खाच म्हणजे काय, हे वेगळं शिकवायला नको. फ्रेट दाबून बसवायचा छोटा प्रेस, फिंगरबोर्डच्या उताराचे ठोकळे, तीन फ्रेटवर ठेवायची पट्टी हे सगळं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होऊ शकतं. गॅदरिंगला गिटार वाजवणाऱ्यावर टाळ्या पडतात, त्या पडाव्यातच. पण मिरजेच्या एखाद्या कारागिराला बोलावून दोन दिवस कानस कशी धरायची एवढं जरी शिकलात, तरी यातल्या एखाद्याला गावातच कामधंदा सापडेल. कॉलेज आणि क्लास असलेल्या गावात चार गिटारी दुरुस्तीला येणारच.

आणि तुम्ही? नवी घेणार असाल, तर खरेदीआधी प्रत्येक फ्रेट वाजवून बघा, टोकांवरून बोट फिरवा, बाराव्या फ्रेटवरची उंची पट्टीने मोजा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या. पैसे तुमचे आहेत. ऑनलाइन मागवली असेल, तर परत करायची मुदत संपायच्या आत ही तपासणी करा आणि व्हिडिओ काढून ठेवा.

ज्यांची गिटार कपाटावर आहे, त्यांनी या रविवारी ती खाली काढावी. धूळ पुसा, तारा गंजल्या असतील तर बदला आणि वही घेऊन बसा. एक ते सहा तारा, एक ते वीस फ्रेट. कुठे खरखरतंय ते लिहा. कदाचित यादीत काहीच निघणार नाही. मग सरावाला लागा, सबब संपली. पण सहावा फ्रेट उचललेला निघाला, तर निदान एवढं तरी कळेल की ज्या परीक्षेत तुम्ही स्वतःला नापास केलं होतं, तिचा पेपरच चुकीचा छापलेला होता.